हातानं ढकलायचा कार्पेट स्वीपर : घ्यायचा कसा, चालवायचा कसा, टिकवायचा कसा

घरात जमखाना, सतरंजी नाहीतर कार्पेट कायम अंथरलेलं असतं आणि ते रोजच्या रोज साफ कसं ठेवायचं हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे लिहितेय, खास करून ज्यांनी अजून स्वीपर, म्हणजे दांडा धरून ढकलायचा, खाली गोल ब्रश असलेला चपटा बॉक्स, हातातच धरलेला नाही त्यांच्यासाठी. मी सोलापूरची, त्यामुळं उदाहरणं इथलीच येणार, पण लातूर, धाराशिव, विजापूरकडच्या लोकांनाही बरंचसं लागू पडेल कारण धूळ आणि ऊन तिकडंही असंच आहे.

इथं कार्पेट सांभाळणं सोपं नाही बघा. मार्चपासून वारा सुटला की खिडक्या लावून घेतल्या तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यावर धूळ बसलेली असते. पूर्व भागात, अशोक चौक, कन्ना चौक, जोडबसवण्णा चौकाच्या बाजूला घराला लागूनच यंत्रमाग असले तर सुताचे बारीक तंतू तरंगत येऊन प्रत्येक कापडावर बसतात. विडी वळणाऱ्या घरात तेंदूच्या पानांचे कातरलेले तुकडे, आणि शेंगदाण्याची फोलं आणि कडक भाकरीचा चुरा तर काय सगळ्यांच्याच घरात. त्यात पाणी रोज येत नाही, उजनी धरणाचं पाणी मधे काही दिवस जाऊन नळाला आलं की आधी प्यायचं भरायचं मग वापरायचं, तिथं जमखाना धुवायला कोण काढतंय. केरसुणीनं झाडलं तर धूळ उडते आणि थोड्या वेळानं परत तिथंच येऊन बसते, वर केरसुणीच्या काड्या कार्पेटच्या लवेत, म्हणजे वरच्या उभ्या धाग्यांत, अडकतात त्या वेगळ्या. व्हॅक्यूम क्लिनर चांगला, मी त्याच्या विरोधात नाही, पण कपाटातनं काढा, वायर सोडवा, प्लग शोधा, नंतर परत गुंडाळून ठेवा, हे रोज सकाळी होत नाही, आणि लाईट गेली की तो नुसता डबा. तर केरसुणी आणि व्हॅक्यूमच्या मधलं जे रोजचं काम आहे ना, तेवढ्यासाठी हा स्वीपर आहे. त्याला लाईट लागत नाही, पाणी लागत नाही, आणि उभ्यानं काम होतं म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आयांना, सासूबाईंना वाकावं लागत नाही. मला या शेवटच्या गोष्टीचं सगळ्यात जास्त महत्त्व वाटतं.

आधी तो चालतो कसा ते बघून घ्या

हे समजलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं, म्हणून इथं जरा थांबा. स्वीपर उलटा करा. खाली एक चपटा बॉक्स, चार छोटी चाकं, मधे आडवा गोल ब्रश म्हणजे रोलर, आणि रोलरच्या पुढं-मागं दोन ट्रे. मोटर नाही, बॅटरी नाही. बहुतेक मॉडेलमधे चाकांना रबर असतं आणि त्या रबराला रोलरची टोकं चिकटून बसलेली असतात. तुम्ही ढकललं की चाक फिरतं, त्याच्या घासणीनं रोलर उलट्या दिशेनं गरगर फिरतो, चाकापेक्षा जोरात, आणि समोरचा कचरा उचलून ट्रेत फेकतो. ओढलं की सगळं उलटं होतं आणि कचरा दुसऱ्या ट्रेत जातो. म्हणून पुढं जाताना पण काम होतं आणि मागं येताना पण. काहींमधे रबराऐवजी पट्टा किंवा दातेरी चाकं असतात पण तत्त्व हेच.

आता यातनं दोन गोष्टी निघतात. एक, हा काहीही ओढून घेत नाही, शोषत नाही, फक्त झाडून उचलतो. त्यामुळं वर पडलेला कचरा येणार, लवेच्या तळाशी रुतलेली बारीक माती येणार नाही, आणि ती येईल अशी अपेक्षा ठेवून घेणारे लोक आठ दिवसात तो माळ्यावर टाकतात. दुसरी गोष्ट, सगळा खेळ चाकाच्या पकडीचा आणि रोलर मोकळा फिरण्याचा आहे. जोर लावून दाबलात तर ब्रशचे केस चपटे होतात, रोलर अडकतो, चाकं घसरतात आणि तुम्ही नुसता डबा घासत असता. हलका हात, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

ही रचना लई जुनी आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावात मेल्विल आणि ॲना बिसेल हे नवरा-बायको चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान चालवायचे, भांडी भुशात पॅक होऊन यायची आणि तो लाकडाचा भुसा कार्पेटमधे जाऊन बसायचा. त्याआधीही असली यंत्रं करायचे प्रयत्न झाले होते, पण मेल्विलनं सुधारून केलेल्या स्वीपरला १८७६ साली पेटंट मिळालं. १८८९ मधे तो गेला आणि पुढं कंपनी ॲनानं चालवली, त्या काळात एका बाईनं एवढा मोठा कारखाना सांभाळला आणि वाढवला हे मला फार मोठं वाटतं. लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथचा यंत्रानं धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लिनर आला तो १९०१ मधे. म्हणजे स्वीपर त्याच्या आधीचा आणि त्याच्यानंतरही टिकून राहिला, कारण वर पडलेला कोरडा कचरा पटकन उचलायचं काम व्हॅक्यूमनं सोपं केलं नाही, ते स्वीपरनंच केलं. इकडं आपल्याकडं भुशाच्या जागी मागाचे तंतू आणि शेंगदाण्याची फोलं, काम तेच.

तुमच्या घराला लागतोय का

हे आधी ठरवा मग पैसे घाला. घरात नुसत्या फरशा आहेत, अंथरूण काही नाही, तर घेऊ नका, फरशीवर केरसुणी आणि ओला फडका याला तोड नाही. फरशीवर स्वीपर भाकरीचे तुकडे, चिवडा वगैरे उचलतो, बारीक धूळ मात्र तिथंच सोडतो.

आखूड लवेचं कार्पेट, ऑफिसात टाकतात तसलं घट्ट विणीचं, दिवाणखान्यातला मशीनचा गालिचा, यांच्यावर तो सगळ्यात छान चालतो. लव साधारण एक सेंटिमीटरच्या आत असावी. बोट घातलं की पेर बुडतंय अशा फुगीर केसाळ कार्पेटवर चाकं रुततात आणि रोलर फिरतच नाही, तसलं असेल तर व्हॅक्यूमच बघा. आपल्या सुती सतरंज्या, जमखाने यांना लवच नसते त्यामुळं कचरा वरच असतो आणि पटकन येतो, फक्त त्या हलक्या असल्यामुळं स्वीपरबरोबर गोळा होत जातात, त्याची युक्ती खाली सांगते.

आणि एक घोळ हमखास होतो. ऑनलाईन शोधलं की तीन गोल ब्रश कोपऱ्याला फिरतात असला एक ढकलायचा झाडू दिसतो, तो फरशीचा आहे, कार्पेटवर त्याचे ब्रश वाकून बसतात. बॅटरीवर चार्ज करून चालणारेही मिळतात, ते वेगळे, त्यात मोटर असते. आपल्याला पाहिजे तो खाली आडवा रोलर असलेला, चपट्या बॉक्सचा, साधा. फोटोत तळाची बाजू दाखवलेली नसेल तर ऑर्डर करू नका.

घेताना काय तपासायचं

किंमत आणि रंग नंतर, आधी तळ. दुकानात घेत असाल, नवी पेठेत म्हणा कुठंही म्हणा, तर उलटा करून एक चाक बोटानं फिरवा, रोलर लगेच फिरला पाहिजे, दोन्ही दिशेला. चाक फिरतंय आणि रोलर जागचा हलत नाही असं असेल तर ठेवून द्या. मग सरळ करून जमिनीवर ठेवा, कागदाचे कपटे फाडून टाका आणि दुकानातल्याच एखाद्या पायपुसण्यावर नाहीतर मॅटवर एकदा पुढं-मागं करा. दुकानदार नाही म्हणत नाहीत, मिक्सर नाही का चालवून दाखवत.

दांडा बहुतेक तुकड्यातुकड्याचा असतो, एकात एक पिळून बसवायचा. सगळा जोडून हलवून बघा, जोडावर डुगडुगतोय का. पत्र्याची नळी असेल तर पिळाचे आटे नीट आहेत का ते बघा कारण दोन-तीनदा काढघाल केली की पहिलं तेच जातं. उंची अशी पाहिजे की सरळ उभं राहिल्यावर मूठ कमरेच्या वर आणि छातीच्या खाली येईल. कमी उंचीचा दांडा घेतला की वाकावं लागतं आणि मग ज्या कारणासाठी घेतला तेच गेलं. घरात दोघी-तिघी वापरणार असाल तर सगळ्यात उंच बाईच्या मापानं घ्या.

ट्रे उघडायचा खटका दाबून बघा, दोन्ही ट्रे पूर्ण उघडतात का, आणि परत घट्ट बंद होतात का. रोलर बाहेर निघतो का ते विचारा, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण न निघणारा रोलर साफ करणं फार त्रासाचं होतं. बॉक्सची उंची कमी असली तर दिवाणाखाली, टीपॉयखाली जातो. आणि बॉक्सच्या कडेला रबराची पट्टी आहे का बघा, नाहीतर फर्निचरच्या पायांना चरे पडतात.

ब्रशचे केस नायलॉनचे असतात किंवा जनावरांच्या केसांचे, काहींमधे दोन्ही मिसळलेले. घरात पूजापाठामुळं जनावरांचे केस चालत नसतील तर आधीच विचारून नायलॉनचा घ्या. कामात दोन्ही चालतात, नायलॉन धुवायला सोपं.

ऑनलाईन घेतला असेल तर खोक्यातनं काढल्या काढल्या त्याच दिवशी हे सगळं तपासा, परत द्यायची मुदत निघून गेल्यावर कोणी ऐकत नाही.

पहिल्यांदा चालवताना

आधी खाली वाकून एकदा नजर टाका. टाचणी, सुई, नाणं, केसाची पिन, पोरांच्या खेळण्याचा तुकडा, रबरबँड हे हातानं उचला. शिलाईकाम करणाऱ्या घरात आधी लोहचुंबक फिरवून घ्या, सुई रोलरमधे अडकली की नंतर साफ करताना बोटात जाते. हे खरंच मनावर घ्या.

मग दांडा दोन्ही हातात सैल धरा आणि चालायच्या वेगानं, हात पुरेल तेवढं आणि एक पाऊल पुढं, असा लांब फेरा मारा. लई हळू ढकललं तर रोलरला जोर येत नाही, लई जोरात ढकललं तर तो कचरा ट्रेत न टाकता पलीकडं उडवतो. आवाजावरनं कळतं, एकसारखी घरघर आली की वेग बरोबर. थांबून थांबून येत असेल तर तुम्ही दाबताय किंवा रोलरला काहीतरी गुंडाळलंय.

एका पट्ट्यावर जाऊन-येऊन झालं की पुढचा पट्टा थोडा आधीच्यावर चढवून घ्या, बॉक्सच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, कारण रोलर बॉक्सच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचत नाही आणि कडेला एक रेघ राहून जाते. लांबीनं सगळं झालं की एकदा आडवं करा. लव एका बाजूला झोपलेली असते, तिच्या उलट गेलं की अडकलेले धागे आणि केस वर येतात, आणि शेवटचा फेरा लवेच्या बाजूनं मारला की कार्पेट दिसायला पण नीट दिसतं.

फेऱ्याच्या टोकाला स्वीपर उचलू नका. तिथंच थांबवा, आणि जमिनीवर ठेवूनच वळवा. ट्रेची तोंडं उघडी असतात, त्यामुळं उचलला, तिरका केला की आतलं सगळं परत खाली. एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत न्यायचा असेल तर दांडा धरून आडवा लटकवत नेऊ नका, बॉक्स सपाट राहील असा धरा, नाहीतर आधी रिकामा करा.

कोपरे आणि भिंतीकडंची कड राहतेच. काही मॉडेलला कोपऱ्यात छोटे ब्रश दिलेले असतात, तरी शेवटची बोटभर जागा केरसुणीनं किंवा जुन्या टूथब्रशनं मधे ओढून घ्यायची आणि मग स्वीपर फिरवायचा. हा क्रम धरला की दोनदा काम होत नाही.

सतरंजी, जमखाना आणि दशा

सुती सतरंजीवर नवीन माणूस पहिल्याच फेऱ्यात वैतागतो कारण ती सुरकुतून स्वीपरच्या पुढं जमा होते. उपाय सोपा आहे. तुमच्या बाजूची कड पायाखाली दाबा आणि स्वीपर तुमच्यापासनं लांब ढकला. लांब ढकलताना कापड पायापासनं ताणलं जातं त्यामुळं सुरकुती पडत नाही, जवळ ओढताना मात्र सैल होतं आणि गोळा होतं. म्हणून परत येताना भार अगदी कमी करून, जवळजवळ तरंगत आणायचा. मोठा जमखाना असेल तर दोन टोकांना दोघं उभे रहा, नाहीतर दिवाणाचा नाहीतर टेबलाचा पाय त्याच्या कडेवर ठेवा. भजनाला, हळदी-कुंकवाला मोठे जमखाने अंथरतात तेव्हा लोक उठल्यावर लगेच घडी घालू नका, आधी स्वीपर फिरवा मग घडी, नाहीतर फुलाच्या पाकळ्या, तीळ, साखरफुटाणे सगळं घडीत जातं आणि मुंग्या लागतात.

दशांपाशी, म्हणजे कडेला सोडलेल्या सुट्या धाग्यांपाशी, फार जपायचं. दशा किंवा गोंडे रोलरमधे गेले की गुंडाळत आत जातात आणि ओढून काढताना विणच उसवते. दशा असलेल्या कडेला स्वीपर कधीच सरळ नेऊ नये, कडेच्या समांतर, चार बोटं आत ठेवून चालवावा. दशा हातानं झटका. चुकून अडकल्याच तर मागं ओढू नका, स्वीपर उलटा करून रोलर हातानं उलटा फिरवत सोडवा.

दिवाणावरच्या सोलापुरी चादरीवर जमिनीवरचा स्वीपर फिरवू नका, जमिनीवरनं फिरलेला ब्रश अंथरुणावर नको. तिला झटकणंच बरं.

काय उचलतो, काय उचलू नये

शेंगदाण्याची फोलं आणि टरफलाचे तुकडे, भाकरीचा चुरा, चिवडा, कुरमुरे, शेव, कागदाचे कपटे, पेन्सिलीची छिलटं, तेंदूच्या पानांचे तुकडे, मागाचे तंतू, केस, सुकलेली फुलं, हे सगळं मस्त येतं. शेंगाचटणी सांडली असेल तर तिच्यात तेल असतं, ती आधी चमच्यानं उचला आणि डाग कोरड्या कापडानं टिपा, स्वीपरनं ती लवेत आणखी पसरते आणि ब्रश तेलकट होतो तो वेगळा. साबुदाणा, मोहरी, डाळ असलं गोल टणक काही सांडलं तर आधी हातानं किंवा सुपलीनं गोळा करा, रोलर त्याला उडवून खोलीभर करतो.

ओलं काहीही नको. चहा सांडला, पोरानं पाणी सांडलं, टिपून पूर्ण वाळल्याशिवाय स्वीपर लावू नका, ओला कचरा ब्रशला चिकटून लगदा होतो आणि चाकाची पकडही जाते. पावसाळ्यात आपली काळी माती चपलेबरोबर आत येते, ती ओली असताना घासली की कार्पेटमधे रंग उतरल्यासारखी बसते. ती वाळू द्या, पूर्ण टणक झाली की हातानं हलकं चोळून फोडा आणि मग दोन्ही दिशेनं फिरवा, चांगली येते.

रांगोळी, राख, पीठ, हळद, विडीच्या तंबाखूची पूड, इतकं बारीक काही याच्या हातात राहत नाही, अर्धं ट्रेत जातं अर्धं परत खाली पडतं आणि रांगोळीची भुकटी चाकाच्या दांडीत जाऊन बसली की चाक करकरायला लागतं. काच फुटली तर अजिबात नको, बारीक काच ब्रशच्या केसात राहते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत पडते. काचेचे मोठे तुकडे हातानं जपून उचला, बारीक तुकडे चिकटपट्टीनं किंवा व्हॅक्यूमनं, आणि त्या दिवशी पोरांना तिथं बसू देऊ नका.

रिकामा करणं

प्रत्येक वेळी, काम झाल्या झाल्या. उद्या करू म्हटलं की उद्या उभा केलेला स्वीपर सगळं खाली सांडतो. पेपर अंथरा, त्यावर पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडा म्हणजे धूळ उडत नाही, स्वीपर त्याच्यावर सपाट धरा, खटका दाबा, हलकं आपटा. सुताचे तंतू ट्रेच्या कोपऱ्यात नमद्यासारखे जमून बसतात ते आपटून पडत नाहीत, बोटानं काढा. गच्चीवर नेऊन रिकामा करायचा असेल तर वाऱ्याकडं पाठ करा, आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी वारा कसा असतो माहितेय. पेपरची पुडी करून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात.

ब्रश आणि चाकं, इथं कंटाळा करायचा नाही

स्वीपर खराब झाला म्हणून जे लोक टाकून देतात त्यातले बरेचसे खराब झालेलेच नसतात, रोलरला केस गुंडाळलेले असतात एवढंच. लांब केसांच्या बाया असलेल्या घरात आठवड्यातनं एकदा, मागाजवळच्या घरात त्याहून लवकर, उलटा करून बघायचं. केस आणि धागे रोलरभोवती घट्ट पट्ट्यासारखे बसतात, ते ओढू नका, कात्रीचं एक टोक ब्रशच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत आडवं घाला आणि रोलरच्या लांबीनं कापत जा. शिवण उसवायचं छोटं हत्यार असतं ना, सीम रिपर, ते याच्यासाठी कात्रीपेक्षा बरं. कापलं की दोन्ही बाजूनं सोलून निघतं. मग जुना कंगवा ब्रशच्या केसातनं फिरवा, आतली धूळ पडते.

रोलरच्या दोन टोकांना आणि चाकाच्या दांडीवर पण केस जातात, तिथं बघायला लोक विसरतात. चाक हातानं फिरवा, जड वाटलं तर चिमट्यानं ओढून काढा. नंतर चाकाच्या दांडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, बस, जास्तीचं पुसून घ्या. खोबरेल तेल नको, ते कालांतरानं चिकट होतं आणि धूळ धरतं. आणि रबरावर, रोलरच्या टोकांवर, ब्रशवर तेल अजिबात लागू देऊ नका, घासणीवरच तर सगळं चालतं, तेल लागलं की चाक फिरेल आणि रोलर थांबेल.

रोलर निघत असेल आणि प्लॅस्टिकचा असेल तर महिन्या-दीड महिन्यानं पाणी आलेल्या दिवशी तांब्याभर पाण्यात थोडा शाम्पू घालून धुवा, झटका, आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवा. आपलं मे महिन्यातलं ऊन लावू नका, प्लॅस्टिक वाकतं. लाकडी रोलर भिजवायचाच नाही, नुसता कंगवा आणि ओलसर फडका.

चाकं घसरायला लागली, म्हणजे स्वीपर पुढं जातोय पण रोलर फिरत नाही, तर रबर गुळगुळीत झालंय. आधी ओल्या फडक्यानं रबर पुसा, कधीकधी नुसती तेलकट घाण असते. तरी नाही झालं तर बारीक पॉलिश पेपरनं रबर हलकंसं घासा, खरखरीत होईल एवढंच. अगदीच झिजलं असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची चाकाच्या रुंदीची गोल पट्टी कापून ताणून बसवता येते, माप बरोबर पाहिजे, जाड झाली तर रोलर दाबला जातो.

रोजचं आणि आठवड्याचं

रोज सकाळच्या चहानंतर नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर एक फेरी, पाच-सात मिनिटांचं काम, घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना पण जमतं आणि त्यांना आवडतं पण, फक्त रोलरमधे बोट घालायचं नाही हे आधी सांगा. रोजच्या रोज केलं की चुरा पायानं दाबून लवेत जायच्या आधीच निघतो, कार्पेट जास्त दिवस टिकतं ते यामुळं, कारण खाली गेलेली वाळू धागे कापते.

आणि तळाशी गेलेल्या धुळीसाठी आठवड्यातनं नाहीतर पंधरा दिवसातनं एकदा जुनी पद्धतच. सतरंजी, जमखाना गच्चीच्या कठड्यावर नाहीतर दोरीवर टाकून काठीनं मागच्या बाजूनं बडवायचा. जड कार्पेट दोरीवर पेलत नाही, ते गच्चीवर पालथं अंथरा आणि पाठीवरनं बडवा, पोरांना त्याच्यावर चालू द्या, धूळ खाली गच्चीवर पडते, उचललं की खाली अख्खा नकाशा दिसतो. बडवायच्या आधी स्वीपर फिरवा म्हणजे चुरा निघतो, आणि आत आणून अंथरल्यावर परत एकदा फिरवा कारण बडवल्यानं वर आलेली धूळ-तंतू आता उचलता येतात. ज्यांच्याकडं व्हॅक्यूम आहे त्यांनी बडवण्याऐवजी तो लावावा. घरात कोणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर नुसत्या स्वीपरवर भागवू नका, केरसुणीपेक्षा तो धूळ कमी उडवतो हे खरं, पण बारीक धूळ तो काढत नाही, त्या घरात व्हॅक्यूम पाहिजे किंवा मग कार्पेटच नको. बडवायच्या वेळी त्या माणसाला गच्चीवर येऊ देऊ नका आणि बडवणाऱ्यानं नाकाला रुमाल बांधावा.

ठेवताना आधी रिकामा करा, आणि बॉक्स जमिनीला टेकवून ठेवू नका, ब्रशवर भार राहून केस एका बाजूला कायमचे वाकतात. दांड्याच्या टोकाला भोक किंवा कडी असते, खिळ्याला टांगा, ब्रश मोकळा राहील असा. कडी नसेल तर भिंतीशी बॉक्स कुशीवर करून ठेवा. ब्रशचे केस इतके झिजले की बॉक्स सपाट ठेवल्यावर ते कार्पेटला टेकतच नाहीत, तेव्हा नवीन रोलर मिळतो का बघा, मिळत असेल तर तेवढाच बदला, दांडा आणि बॉक्स अजून बरीच वर्षं जातात.